खोकल्यात रक्त आलं, तर लघवीही तपासा

रक्त छातीतून येतंय आणि या बाई लघवी कसली तपासायला सांगताहेत, असं शीर्षक वाचून वाटलं असेल, तर ते साहजिक आहे. तरीही माझी विनंती तीच आहे. खोकल्यातून रक्त पडलं, किंवा अचानक धाप लागून छातीच्या फोटोत दोन्ही फुप्फुसं पांढरी दिसली, तर त्याच दिवशी लघवीची साधी तपासणी आणि रक्तातलं क्रिएटिनिन करून घ्या. तालुक्याच्या लहान लॅबमध्येही हे होतं आणि खर्च फारसा येत नाही. एक आजार असा आहे, दुर्मीळ पण वेळ न देणारा, की त्याच्या निदानाची वाट पुष्कळदा या दोन कागदांतूनच सापडते.

हा आजार म्हणजे लहान रक्तवाहिन्यांचा दाह. आम्ही डॉक्टर त्याला व्हॅस्क्युलायटिस म्हणतो. रक्त मोठ्या धमन्यांतून लहान धमन्यांत आणि शेवटी केसाहून बारीक केशवाहिन्यांत पोचतं. या केशवाहिन्यांची फार दाट जाळी दोन ठिकाणी असतात: फुप्फुसातल्या वायुकोशांभोवती आणि मूत्रपिंडातल्या गाळण्यांत. आपलीच रोगप्रतिकारशक्ती उलटली आणि पांढऱ्या पेशी या वाहिन्यांच्या भिंतींवर तुटून पडल्या, की पुष्कळदा दोन्हीकडे एकदमच नुकसान सुरू होतं. फुप्फुसाचं दुखणं लपत नाही, माणूस धापा टाकायला लागतो. मूत्रपिंडाचं मात्र दुखत नाही, खुपत नाही, लघवीही बरेच दिवस नेहमीसारखी होत राहते. कळतं ते फक्त तपासणीत: लघवीत प्रथिनं, तांबड्या पेशी आणि रक्तात चढत चाललेलं क्रिएटिनिन. छातीत रक्त आणि लघवीत रक्त, ही जोडी एकत्र दिसली की कोणत्याही जाणत्या डॉक्टरच्या मनात धोक्याची घंटा वाजते. पण लघवी तपासलीच नाही तर घंटा वाजणार कशी?

या गटातले दोन आजार आपल्याला मुख्यतः माहीत हवेत. एक जीपीए, म्हणजे ग्रॅन्युलोमॅटोसिस विथ पॉलिअँजायटिस. २०११ पर्यंत त्याला वेगेनरचा आजार म्हणत, जुन्या फायलीत ते नाव दिसलं तर गोंधळू नका. दुसरा एमपीए, मायक्रोस्कोपिक पॉलिअँजायटिस. या दोन्हींत बहुतेक रुग्णांच्या रक्तात ‘अँका’ नावाची प्रतिपिंडं सापडतात आणि त्यांची तपासणी मोठ्या लॅबमध्ये होते. तिसरा आजार अँटी-जीबीएम. त्याच्याबद्दल पुढे स्वतंत्रपणे सांगते, कारण त्याच्या उपचारात एक मोठा फरक आहे.

फुप्फुसातून रक्त येण्याची तऱ्हाही सारखी नसते. टीबीच्या जुन्या खड्ड्यात किंवा गाठीत एखादी मोठी वाहिनी उघडी पडली, तर ते पाइप फुटण्यासारखं असतं. ती जागा शोधून वाहिनी आतून बंद करता येते आणि अनेकांचा जीव त्याने वाचतो. व्हॅस्क्युलायटिसमध्ये पाइप कुठेच फुटलेला नसतो. घराच्या भिंतींना चहूकडून ओल यावी तसं दोन्ही फुप्फुसांत रक्त झिरपतं. बुजवायला एक भोक नसल्यामुळे नुसती रक्त थांबवायची इंजेक्शनं देऊन भागत नाही. भिंतीचा दाह शमवला तरच झिरपणं थांबतं.

यातली सगळ्यांत फसवी गोष्ट अशी, की सुमारे एकतृतीयांश रुग्णांच्या तोंडातून रक्त येतच नाही. ते वायुकोशांतच साठतं. माणसाला धाप लागते, ऑक्सिजन घसरतो, फोटोत न्यूमोनियासारखं दिसतं आणि न्यूमोनियाचे उपचार सुरू होतात. अशा वेळी हिमोग्लोबिनकडे बघा. आठ दिवसांपूर्वी ११ होतं ते आज ७ आलं, शौचातून रक्त गेलेलं नाही, पाळीतून गेलेलं नाही, कुठे मार लागलेला नाही, मग चार ग्रॅमचं रक्त गेलं कुठे? हा प्रश्न घरच्यांनी विचारला तरी चालतो. ‘डॉक्टर, मागच्या रिपोर्टपेक्षा हिमोग्लोबिन एवढं कसं उतरलं?’ असं विचारल्याने कोणाचा अपमान होत नाही. जुना रिपोर्ट हातात ठेवून विचारा, म्हणजे बोलणं मुद्द्याचं होतं.

आजार एका रात्रीत उगवल्यासारखा वाटला तरी बहुतेकदा तो काही आठवडे, कधी काही महिने अंगात वावरत असतो. नाक सतत चोंदलेलं, आतून खपल्या धरतात, अधूनमधून घोळणा फुटतो. सायनस म्हणून औषधं चालू असतात. एका कानाने कमी ऐकू यायला लागतं. डोळे लाल होतात, दुखतात. सांधे धरतात. नडगीवर आणि पावलांवर लालजांभळे ठिपके उठतात, जे दाबले तरी फिके पडत नाहीत. पायाचा पंजा अचानक उचलेनासा होतो आणि चप्पल घसटायला लागते. बारीक ताप, वजन उतरणं, तोंडाला चव नसणं हे तर असतंच. आता गंमत बघा, म्हणजे गंमत कसली, दैवदुर्विलासच: नाकासाठी कान-नाक-घशाचे डॉक्टर, डोळ्यांसाठी डोळ्यांचे, सांध्यांसाठी हाडांचे, ठिपक्यांसाठी त्वचेचे. चार दवाखाने, चार फायली, आणि प्रत्येक फायलीत आपापल्या जागी पटण्यासारखं निदान. चारही फायली एकाच टेबलावर कधी येत नाहीत.

त्या एकत्र आणणं हे घरच्यांचंच काम आहे. पूर्वी फॅमिली डॉक्टर हे करायचे. ज्यांच्याकडे अजून असे डॉक्टर आहेत त्यांनी त्यांना धरून ठेवावं. नसतील तर एका वहीत तारखेनुसार लिहा, कधी काय झालं, कोणी काय औषध दिलं. रक्त पडल्यावर ज्या डॉक्टरसमोर जाल त्यांच्यापुढे ती वही ठेवा. ‘खोकला चार दिवसांपासून आहे’ एवढंच सांगण्यात आणि ‘तीन महिन्यांपासून नाकातून खपल्या येताहेत, महिन्यापूर्वी डोळा लाल झाला होता, आता खोकल्यात रक्त आलं’ असं सांगण्यात फार अंतर आहे. दुसरं वाक्य ऐकल्यावर अर्धं निदान झालेलं असतं.

टीबीबद्दल बोलल्याशिवाय मात्र पुढे जाता येणार नाही. आपल्याकडे खोकल्यात रक्त म्हटलं की आजीपासून मेडिकलवाल्यापर्यंत सगळ्यांच्या तोंडी पहिला शब्द तोच येतो, आणि त्यात चूक नाही. जगातल्या टीबीच्या रुग्णांपैकी साधारण एकचतुर्थांश भारतात आहेत. तेव्हा टीबीची तपासणी व्हायलाच हवी. सरकारी केंद्रांत थुंकीची सीबीनॅटसारखी तपासणी मोफत होते. अडचण येते ती थुंकीत जंतू न सापडल्यावर. जीपीएमुळेही फुप्फुसात गाठी होतात, त्यांत खड्डे पडतात, आणि फोटो हुबेहूब टीबीसारखा दिसतो. मग ‘गोळ्या सुरू करून दोन महिने बघू’ असं ठरतं. टीबीच्या बाबतीत हे कधीकधी योग्यही ठरतं, पण व्हॅस्क्युलायटिसमध्ये त्या दोन महिन्यांत मूत्रपिंडं कायमची निकामी होऊ शकतात, आणि ती गेल्याचा पत्ता डायलिसिसची वेळ येईपर्यंत लागत नाही. म्हणून थुंकी निगेटिव्ह असताना टीबीच्या गोळ्या सुरू होणार असतील, तर एवढंच म्हणा: ‘चालेल, पण त्याआधी लघवी, क्रिएटिनिन आणि अँका करून घेऊ या का?’ टीबीच्या जंतुसंसर्गातही अँका कधीकधी पॉझिटिव्ह येते, त्यामुळे नुसत्या त्या एका कागदावर निदान होत नाही. पण प्रश्न विचारला गेला म्हणजे विचार सुरू होतो.

पावसाळ्यात दुसरा चकवा असतो. कोकणात, मुंबईत आणि गोव्यात जून ते ऑक्टोबर लेप्टोचे दिवस. उंदरांच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्यातून, भातखाचरातल्या चिखलातून हा जंतू पायाच्या जखमेवाटे शिरतो, आणि गंभीर लेप्टोतही फुप्फुसात रक्त झिरपतं, मूत्रपिंडं बसतात. म्हणजे चित्र तेच! फरक असा, की लेप्टो बहुधा चारपाच दिवसांच्या कडक तापाने, पोटऱ्यांच्या दुखण्याने आणि लाल डोळ्यांनी सुरू होतो, पुष्कळदा कावीळही दिसते, आणि त्याला प्रतिजैविकं लागतात. व्हॅस्क्युलायटिसची कहाणी लांबलेली असते. दवाखान्यात पोचताच हे वेगळं सांगता आलं नाही, तर डॉक्टर दोन्हींचे उपचार एकदम सुरू करतात. ‘एकाच माणसाला एवढी औषधं कशाला’ म्हणून तेव्हा अडून बसू नका. रुग्ण शेतात, चिखलात, तुंबलेल्या पाण्यात गेला होता का, हे मात्र न विचारता सांगा. हृदयाची झडप आकसल्यानेही खोकल्यात रक्त येतं, म्हणून इको करायला सांगतील. तेही करा.

आता प्रत्यक्ष त्या वेळी काय करायचं ते. खोकल्यातून रक्त आणि जोडीला धाप असेल, बोलताना वाक्य पुरं होत नसेल, किंवा कोरोनाच्या काळात घेतलेला ऑक्सिमीटर अजून चालू असेल आणि तो ९२-९३च्या खाली आकडा दाखवत असेल, तर सकाळची वाट बघू नका. महाराष्ट्रात आणि गोव्यातही १०८ला फोन करा. रुग्णाला आडवं न झोपवता टेकून बसतं करा. रक्त पडलेल्या रुमालाचा किंवा भांड्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. ‘खूप रक्त’ म्हणजे चमचाभर की वाटीभर, हे घाबरलेल्या माणसाला सांगता येत नाही, फोटोत दिसतं. हळद-दूध, अडुळसा, बर्फ चोखणं यांत वेळ घालवू नका. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, अगदी ॲस्पिरिनसुद्धा, चालू असतील तर तसं ठळकपणे सांगा. बंद करायच्या की नाही ते तिथले डॉक्टर ठरवतील. हायपरथायरॉइडसाठी प्रोपिलथायोयुरॅसिल किंवा रक्तदाबासाठी हायड्रालाझीन चालू असेल तर तेही सांगा. ही दोन्ही औषधं क्वचित हाच आजार ओढवून आणतात.

कुठे न्यायचं? जवळच्या दवाखान्यात ऑक्सिजन लावून घ्या, पण तिथेच अडकून राहू नका. या रुग्णाला आयसीयू, व्हेंटिलेटर, डायलिसिस आणि रक्तपेढी एका छताखाली लागते. जिल्ह्याच्या ठिकाणचं सरकारी वैद्यकीय महाविद्यालयही चालेल. चकचकीत स्वागतकक्षापेक्षा तिथे चोवीस तास निवासी डॉक्टर असतात याला अधिक किंमत आहे. छातीचे डॉक्टर, किडनीचे डॉक्टर आणि संधिवाततज्ज्ञ या तिघांनी मिळून हा रुग्ण सांभाळायचा असतो. शेवटचं नाव वाचून बिचकू नका. हा आजार सांध्यांचा नसला तरी रोगप्रतिकारशक्तीच्या गडबडीवर सगळ्यांत जास्त काम संधिवाततज्ज्ञांचंच असतं.

रक्ताच्या तपासण्या लगेच जातील. अँका, अँटी-जीबीएम, ल्युपसच्या तपासण्या. प्रकृती झेपणारी असेल तर श्वासनलिकेत दुर्बीण घालून थोडं सलाईन सोडतात आणि परत ओढतात. दर वेळी परत येणारं पाणी आधीपेक्षा लाल होत गेलं, की वायुकोशांत रक्त आहे हे पक्कं होतं. अँकाचा रिपोर्ट यायला कधी दोन-तीन दिवस जातात. इथे नातेवाइकांची आणि डॉक्टरांची खडाजंगी होते. ‘रिपोर्ट आला नाही आणि तुम्ही एवढी भारी औषधं कशी देता?’ माझं सांगणं असं आहे, की चित्र स्पष्ट असेल आणि माणूस गुदमरत असेल, तर रिपोर्टसाठी थांबणं हीच चूक ठरते. तपासणीसाठीचं रक्त आधी काढून घेतलेलं असलं म्हणजे झालं.

पहिलं औषध मिथाइल प्रेडनिसोलोन. रोज ५०० ते १००० मिलिग्रॅम, शिरेतून, साधारण तीन दिवस, आणि मग गोळ्यांवर. स्टेरॉइड हा शब्द ऐकून हात आखडता घेऊ नका. जिमवाल्यांच्या इंजेक्शनांशी या औषधाचा संबंध नाही, आणि दाह इतक्या वेगाने शमवणारं दुसरं काही आज हाताशी नाही. नुसत्या स्टेरॉइडने मात्र काम पुरं होत नाही. सोबत सायक्लोफॉस्फामाइड किंवा रिटुक्सिमॅब यांपैकी एक द्यावं लागतं. पहिलं मूळचं कॅन्सरचं औषध. ‘कॅन्सर झालाय आणि आमच्यापासून लपवताय’ असा संशय इथे हमखास येतो. तसं नसतं. ते बेफाम झालेल्या पांढऱ्या पेशींना लगाम घालतं म्हणून देतात.

या औषधांनी काय बदललं ते जाणून घेण्यासारखं आहे. १९५८ साली ब्रिटनमध्ये वॉल्टन या डॉक्टरांनी वेगेनरच्या रुग्णांचा आढावा घेतला, तेव्हा उपचारांविना ८२ टक्के रुग्ण वर्षाच्या आत गेलेले होते. पुढे अमेरिकेत डॉ. अँथनी फाउची (होय, कोरोनाच्या काळात रोज टीव्हीवर दिसणारे तेच) आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्टेरॉइडच्या जोडीला सायक्लोफॉस्फामाइड द्यायला सुरुवात केली. १९८३मध्ये त्यांनी ८५ रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. त्यांतल्या ९३ टक्क्यांचा आजार पूर्ण आटोक्यात आला होता. रिटुक्सिमॅबची पाळी २०१०मध्ये आली; त्या वर्षीच्या दोन चाचण्यांत ते सायक्लोफॉस्फामाइडच्या तोडीचं ठरलं. मात्र त्यांतल्या मोठ्या चाचणीत फुप्फुसातल्या रक्तस्रावामुळे व्हेंटिलेटरवर असलेले रुग्ण घेतलेच नव्हते. त्यामुळे अगदी अत्यवस्थ रुग्णाला कोणतं द्यायचं, यावर डॉक्टरांत अजून चर्चा होते. दोन डॉक्टरांनी दोन वेगळी नावं सांगितली तर त्यांतला एक अडाणी आहे असं समजू नका.

आता प्लाझ्मा बदलण्याविषयी, कारण घरं इथे मोडतात. यंत्रातून रुग्णाचं रक्त फिरवून त्यातला प्लाझ्मा, म्हणजे प्रतिपिंडं असलेला पातळ भाग, काढून टाकतात आणि त्याजागी अल्ब्युमिन किंवा दात्यांचा प्लाझ्मा भरतात. एका वेळचा खर्चच जड असतो आणि ते पुन्हापुन्हा करावं लागतं. अनेक वर्षं असा समज होता, की फुप्फुसात रक्त उतरलं की हे केलंच पाहिजे. मग २०२०मध्ये पेक्सिव्हास नावाच्या चाचणीचे निष्कर्ष आले. अनेक देशांतले ७०४ रुग्ण, अर्ध्यांना प्लाझ्मा बदल, अर्ध्यांना नाही. मृत्यू किंवा मूत्रपिंड कायमचं निकामी होणं, हे प्लाझ्मा बदललेल्यांत २८ टक्क्यांच्या आसपास आणि न बदललेल्यांत ३१ टक्के. हा फरक फायदा सिद्ध होण्याइतका नव्हता. त्यांत फुप्फुसात रक्तस्राव असलेले १९१ होते, पण अतिगंभीर रक्तस्रावाचे फक्त ६१, त्यामुळे त्या मूठभरांबद्दल ठाम काही म्हणता आलं नाही. म्हणूनच आज युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेच्या शिफारशी अँका आजारातल्या रक्तस्रावासाठी हे सरसकट करू नका म्हणतात, तर मूत्रपिंडविकारांच्या आंतरराष्ट्रीय शिफारशी ऑक्सिजन घसरलेल्या रुग्णात विचार करायला मोकळीक देतात.

म्हणून कोणी प्लाझ्मा बदलायला सांगितलं तर शेत गहाण टाकण्याआधी एक प्रश्न विचारा: ‘अँटी-जीबीएम पॉझिटिव्ह आहे का?’ उत्तर ‘हो’ असेल, तर कसंही करून ते करा. त्या आजारात रक्तात फिरणारी प्रतिपिंडं थेट फुप्फुसाच्या आणि मूत्रपिंडाच्या पडद्यांवर बसतात; औषधांनी नवी बनणं थांबतं, पण बनलेली काढून टाकावीच लागतात, तीही बहुधा रोज, दोनेक आठवडे. उशीर केला तर मूत्रपिंड परत मिळत नाही. उत्तर ‘नाही, अँका पॉझिटिव्ह आहे’ असं असेल, तर यांना नेमका काय फायदा होईल असं तुम्हाला वाटतं, हे शांतपणे विचारा. कारण असेल तर डॉक्टर सांगतील. आणि पैसे नव्हते म्हणून अँका आजारात प्लाझ्मा बदलला नाही, रुग्ण वाचला नाही, असं ज्या घरात झालं असेल, त्यांनी तो सल उराशी धरू नये. आजच्या माहितीनुसार त्याने जीव वाचला असता असं म्हणता येत नाही.

व्हेंटिलेटरबद्दल दोन शब्द. ‘लावलं की माणूस परत येत नाही’ हा समज या आजारापुरता तरी सोडून द्या. व्हेंटिलेटर रक्त थांबवत नाही. औषधांना काम करायला जे काही दिवस लागतात, तेवढे दिवस तो माणसाला तगवून ठेवतो. दाह शमला की वायुकोशांतलं रक्त शोषलं जातं आणि फुप्फुसं पुष्कळ प्रमाणात मोकळी होतात, हे इतर अनेक फुप्फुसरोगांपेक्षा या आजाराचं वेगळेपण आहे. दरम्यान रक्ताच्या पिशव्या लागतील, तेव्हा दात्यांची जमवाजमव हे नातेवाइकांचं खरं काम. मूत्रपिंडं बसली असतील तर डायलिसिस लागेल. ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडसारखी औषधं जोडीला देतात. द्यायला हरकत नाही, फक्त तीच मुख्य औषधं आहेत असं समजू नका.

रक्तस्राव थांबल्यावर दुसरा शत्रू दारात उभा असतो: संसर्ग. ज्या औषधांनी पांढऱ्या पेशी आवरल्या, त्यांनीच जंतूंशी लढणारे हातही बांधले जातात. पहिल्या काही महिन्यांत आजाराइतकाच जीव संसर्गानेही जातो. म्हणून भेटायला येणाऱ्या गोतावळ्याला घरीच थांबवा. फळांच्या पिशव्या घेऊन रांगेने येणारी मंडळी प्रेमाने येतात हे खरं, पण फोनवर चौकशी केली तरी प्रेम पोचतं. कोट्रायमोक्साझोलची गोळी दिली असेल तर ‘ही कसली साधी गोळी’ म्हणून टाकू नका. न्यूमोसिस्टिस नावाच्या न्यूमोनियापासून ती वाचवते. रिटुक्सिमॅबपूर्वी हिपॅटायटिस बीची तपासणी झाली का, हे आवर्जून विचारा. वय लहान असेल तर आणखी एक गोष्ट विचारा, लाजू नका: सायक्लोफॉस्फामाइडने पुढे मूल होण्यात अडचण येऊ शकते. वेळ असेल तर वीर्य साठवून ठेवता येतं, स्त्रियांसाठीही काही उपाय असतात, किंवा रिटुक्सिमॅब निवडता येतं. जीव जात असताना हा प्रश्न मागे पडतो हे कबूल, पण विचारला गेला पाहिजे.

खर्चाचं म्हणाल तर सायक्लोफॉस्फामाइड स्वस्त आहे. रिटुक्सिमॅब महाग, पण त्याची भारतीय आवृत्ती २००७पासून मिळते आणि आता एकाहून अधिक कंपन्यांची आहे. भाव विचारून घ्या, फरक पडतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेशी जोडलेल्या रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ बसतात. दाखल होताच रेशनकार्ड आणि आधार घेऊन त्यांना भेटा, आयसीयू, व्हेंटिलेटर, डायलिसिस यांतलं काय बसतं ते विचारा. मुख्यमंत्री सहायता निधीचा अर्जही त्याच दिवशी करा. बिल भरून झाल्यावर योजनांची आठवण येणं हे आपल्याकडे फार होतं.

घरी आल्यावरचा काळ सोपा वाटतो, पण जपायचा असतो तोच. स्टेरॉइडने चेहरा गोल होतो, साखर वाढते, भूक खवळते, झोप उडते. शेजारी म्हणतात, ‘अहो, बंद करा ती विषारी औषधं.’ आणि कोणीतरी एखाद्या वैद्यांचा नाही तर बाबांचा पत्ता देतं. काही आठवडे घेतलेलं स्टेरॉइड एकदम बंद केलं तर शरीर कोसळतं, कारण त्याचं स्वतःचं उत्पादन थांबलेलं असतं. डोस कमी करण्याचं वेळापत्रक डॉक्टर देतात. पेक्सिव्हासनेच हेही दाखवलं, की स्टेरॉइड पूर्वीपेक्षा लवकर कमी केलं तरी आजार तितकाच आटोक्यात राहतो आणि गंभीर संसर्ग कमी होतात. तेव्हा ‘लवकर कमी करता येईल का?’ हा प्रश्न योग्य आहे, पण तो डॉक्टरांना विचारायचा, शेजाऱ्यांना नाही. सायक्लोफॉस्फामाइड चालू असताना पाणी भरपूर लागतं, पण मूत्रपिंड अशक्त असेल तर मोजून. किती ते विचारून घ्या. फ्लू आणि न्यूमोनियाच्या लशी कधी घ्यायच्या तेही ठरवून घ्या, जिवंत विषाणूंच्या लशी टाळा. बिडी-सिगारेट सुटलीच पाहिजे; अँटी-जीबीएममध्ये तर फुप्फुसात रक्त उतरतं ते बहुधा धूम्रपान करणाऱ्यांच्याच. दगडखाणीत किंवा सिलिकाच्या धुळीत काम असेल तर त्याबद्दलही बोला, कारण त्या धुळीचा अँका आजाराशी संबंध दिसून आलेला आहे.

आजार आटोक्यात आल्यावरही ॲझाथायोप्रिन किंवा सहा-सहा महिन्यांनी रिटुक्सिमॅब असा सांभाळ साधारण दोन वर्षं आणि पुष्कळदा त्याहून जास्त चालतो. तरीही आजार उलटतो, विशेषतः जीपीए. दर तीन महिन्यांनी लघवी आणि क्रिएटिनिन, बरं वाटत असलं तरी. पुन्हा नाकात खपल्या, पुन्हा डोळा लाल, पुन्हा जिना चढताना धाप, यांतलं काहीही दिसलं तर पुढच्या तारखेची वाट न बघता जा. ताप आला तर त्याच दिवशी.

शेवटी एक छोटं काम. पत्त्याएवढ्या जाड कागदावर आजाराचं नाव, अँकाचा प्रकार (पीआर-३ की एमपीओ) किंवा अँटी-जीबीएम पॉझिटिव्ह, स्टेरॉइडचा आजचा डोस, ‘अचानक बंद करू नये’ हे वाक्य, शेवटच्या इंजेक्शनची तारीख, शेवटचं क्रिएटिनिन आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरांचा फोन, एवढं लिहून रुग्णाच्या पाकिटात ठेवा आणि एक घरात फ्रिजवर लावा. डोस बदलला की कार्डही बदला. परगावी, रात्री दोन वाजता, अनोळखी कॅज्युअल्टीत ते उपयोगी पडेल. घरात ज्याचं अक्षर सगळ्यांत चांगलं असेल त्याच्याकडून लिहून घ्या. आम्हा डॉक्टरांकडून नको.